डोनेअरला हरवून रिगोंडोनं काय कमावलं

१३ एप्रिल २०१३ च्या रात्री न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये क्युबाचा बॉक्सर गिलेर्मो रिगोंडोनं फिलिपिनो बॉक्सर नोनितो डोनेअरला गुणांवर हरवलं. डोनेअर तेव्हा ऐन भरात होता. २०१२ या एका वर्षात चार लढती, चारही जिंकलेल्या. अमेरिकेतल्या बॉक्सिंग पत्रकारांच्या संघटनेनं त्या वर्षाचा सर्वोत्तम बॉक्सर म्हणून त्यालाच निवडलेलं. त्याआधीची दहाएक वर्षं तो हरला नव्हता. समोरचा रिगोंडो व्यावसायिक रिंगमध्ये जेमतेम अकरा लढती खेळलेला. तीनही जजनी कौल रिगोंडोला दिला आणि सुपर बँटमवेट या हलक्या वजनगटाचे, डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीओ या दोन बॉक्सिंग संघटनांचे, दोन्ही किताब त्याच्याकडे आले.

एवढ्या मोठ्या विजयानंतर बॉक्सरचे दिवस पालटतात. रिगोंडोचेही पालटले, पण भलतीकडे. आठ महिन्यांनी तो अटलांटिक सिटीत लढला तेव्हा लोक लढत संपायच्या आत उठून जात होते. त्यानंतरची लढत थेट आशियात, मकाऊला, त्याच्या पुढची ओसाकाला. हरलेल्या डोनेअरवर मात्र लोक पुढची कित्येक वर्षं जीव टाकत राहिले.

रिगोंडो चांगला होता का, हा वादच नाही. त्याच्या वजनगटात त्या काळात त्याच्याइतकं कौशल्य दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, हे त्याला नावं ठेवणारेही मान्य करतात. आता माझी बाजूही सांगून टाकतो. मला तो आवडावा असं मला फार वाटायचं. त्याच्या लढती मी ठरवून, वेळ काढून बघायचो. आणि पुष्कळदा नवव्या फेरीच्या सुमारास माझा हात फोनकडे जायचा.

बटणांवर घडलेला बॉक्सर

या माणसाचं मूळ समजून घ्यायचं तर १९८८ च्या सोल ऑलिंपिकपर्यंत मागे जावं लागतं. तिथल्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनियरनं कोरियाच्या पार्क सी-हूनला धुऊन काढलं आणि तरी जजनी ३-२ अशी लढत पार्कला दिली. इतका गवगवा झाला की हौशी बॉक्सिंगनं गुण मोजायची पद्धतच बदलून टाकली. १९९२ च्या बार्सिलोनापासून ऑलिंपिकमध्ये यंत्र आलं. पाच जज, प्रत्येकासमोर लाल आणि निळं बटण. ठोसा बसला असं वाटलं की बटण दाबायचं, आणि पाचातल्या निदान तिघांनी साधारण एका सेकंदाच्या आत एकाच रंगाचं बटण दाबलं तरच गुण.

आता बॉक्सरच्या जागी उभं राहून विचार करा. जवळ घुसून पोटात चार ठोसे मारले तर जजला ते नीट दिसत नाहीत, पाचही जज वेगवेगळ्या क्षणी बटण दाबतात आणि हाती शून्य येतं. लांबून मारलेला एकच स्वच्छ, सरळ, सगळ्यांना दिसेल असा ठोसा मात्र हमखास गुण देतो. तो मारायचा आणि उलटा ठोसा यायच्या आत बाहेर पडायचं. दोन-तीन गुणांची आघाडी मिळाली की समोरच्याला काहीही लागू द्यायचं नाही, कारण त्याला न मिळालेला गुण हा आपल्याला मिळालेल्या गुणाइतकाच मोलाचा.

रिगोंडो या यंत्राच्या राज्यात राजा झाला. सिडनी २००० च्या अंतिम लढतीत रशियाच्या रैमकुल मलाखबेकोववर १८-१२. अथेन्स २००४ मध्ये थायलंडच्या वोरापोज पेचकूमवर २२-१३. तेव्हा ऑलिंपिक लढत दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्यांची असायची. म्हणजे आठ मिनिटांत अठरा मोजलेले ठोसे, आणि जगातलं सर्वोच्च पदक. मधल्या काळात २००१ आणि २००५ ची जागतिक अजिंक्यपदंही. क्युबाच्या बॉक्सिंग शाळेत हा माणूस विशीच्या आसपासच असं शिकला की कमीत कमी करून जिंकणं हीच परिपूर्णता. त्याला ते सोन्याच्या पदकांनी शिकवलं होतं, त्यामुळे पुढे कुणी काही वेगळं सांगितलं तर त्यानं का ऐकावं?

व्यावसायिक बॉक्सिंगचे गुण वेगळे मोजतात. प्रत्येक फेरी स्वतंत्र, जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९. फेरी कुणाची हे ठरवताना स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमकता, रिंगवरचा ताबा आणि बचाव अशा चार गोष्टी बघायच्या. रिगोंडोचं तंत्र याही पद्धतीत चालत होतं. अडचण जजची नव्हतीच. त्यांच्या मागे तिकीट काढून बसलेल्या माणसाच्या हातात कुठलंच बटण नव्हतं.

एवढी मोठी कहाणी, तरी विकली गेली नाही

लोकांना आवडायला कहाणी लागते म्हणतात. रिगोंडोकडे तर अशी कहाणी होती की दुसऱ्या कुणाची असती तर तिच्यावर दहा वर्षं पोस्टर छापली असती. सांतियागो दे क्युबाचा जन्म. क्युबात तेव्हा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून व्यावसायिक खेळावर बंदी होती, त्यामुळे दोन सुवर्णपदकं मिळवूनही पैशासाठी लढायची सोय नव्हती. २००७ मध्ये रिओच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत तो आणि त्याचा साथीदार बॉक्सर एरिस्लांडी लारा क्युबाचा चमू सोडून गायब झाले. काही दिवसांत ब्राझीलच्या पोलिसांना सापडले आणि परत पाठवले गेले. फिडेल कॅस्ट्रोनं त्यावर जाहीर लिहिलं, संघ सोडणाऱ्या खेळाडूची तुलना लढाईत साथीदारांना टाकून पळणाऱ्या सैनिकाशी केली, आणि रिगोंडोचं क्युबासाठी खेळणं तिथंच संपलं. २००९ मध्ये तो पुन्हा निसटला आणि मायामीत पोचला. बायको-मुलं मागे राहिली.

ही कहाणी अमेरिकेतल्या प्रेक्षकाला का भिडली नाही? एक कारण सरळ बाजाराचं. छोट्या वजनगटांना अमेरिकेत तिकीट घेणारा प्रेक्षक मिळतो तो मुख्यतः मेक्सिकन, पोर्तो रिकन किंवा फिलिपिनो बॉक्सरमागे उभा राहणारा. रिगोंडोमागे असा स्वतःचा जमाव नव्हता. दुसरं, त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि स्पॅनिशमध्येही तो मोजकंच बोलायचा. चेहरा असा की जिंकला काय, हरला काय, कळायला मार्ग नाही.

तिसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच्या आयुष्यात जो धोका होता त्याचा मागमूसही त्याच्या लढण्यात दिसत नसे. समुद्रापलीकडे सगळं सोडून आलेला माणूस रिंगमध्ये उतरला की एखाद्या हिशेबनिसासारखा वागायचा. प्रेक्षकाला हे दोन रिगोंडो जोडताच आले नाहीत.

बारा फेऱ्या, जवळून

डोनेअरविरुद्धची लढत मी तीनदा पाहिली. तिसऱ्यांदा आवाज बंद करून, आणि त्याच वेळी ती मला खऱ्या अर्थानं दिसली.

डोनेअरचं हत्यार म्हणजे डावा हुक, कोपर वाकवून बाजूनं मारलेला ठोसा. त्या एका ठोशावर त्यानं माणसं झोपवली होती. रिगोंडो डावखुऱ्या पवित्र्यात उभा राहतो, म्हणजे उजवा हात आणि उजवा पाय पुढे. त्या रात्री त्याचा उजवा हात अर्धवट पसरलेला, डोनेअरच्या पुढच्या हाताच्या अगदी जवळ, जणू अंधारात भिंत चाचपडावी तसा. त्या हातानं तो फारसा मारत नव्हता. तो हात अंतर मोजत होता आणि डोनेअरचा डावा हात निघायच्या आधीच त्याच्या वाटेत उभा राहत होता. वजन मागच्या पायावर. डोनेअरनं खांदा हलवला की रिगोंडोचं डोकं बोटभर मागे सरकायचं, तेवढंच. हुक नाकासमोरून जायचा. आणि हुक गेल्यावर डोनेअरचा तोल सावरायच्या आत डावा सरळ ठोसा तोंडावर.

पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत डोनेअरनं हुक मारणंच कमी केलं. हे फार मोठं काम आहे. वर्षातल्या सर्वोत्तम बॉक्सरला त्याचं लाडकं हत्यार बाहेर काढायचीच भीती घालायची. पण हॉलच्या मागच्या रांगेतून काय दिसतं? दोन माणसं एकमेकांसमोर उभी आहेत, हात वळवळतायत आणि काही घडत नाही. रिगोंडोची सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे न मारला गेलेला ठोसा, आणि न मारल्या गेलेल्या ठोशाला टाळ्या कोण वाजवणार?

मग दहावी फेरी. दोघं बिलगलेले असताना सुटता सुटता डोनेअरचा डावा लागला आणि रिगोंडो खाली बसला. हॉल पेटला. रिगोंडो लगेच उठला. नॉकडाउननंतर बॉक्सरपुढे दोन वाटा असतात. एक, अहंकार दुखावल्यासारखं तुटून पडणं. दुसरी, पाय सावरेपर्यंत लांब राहणं. रिगोंडोनं दुसरी धरली, आणि तिचा अगदी निर्लज्जपणे वापर केला. रिंगभर फिरला. लोक हुर्यो उडवायला लागले.

बाराव्या फेरीत त्याचा डावा ठोसा डोनेअरच्या उजव्या डोळ्यावर असा बसला की डोनेअरनं आपला ग्लोव्ह त्या डोळ्यावर धरला आणि उरलेला वेळ जवळजवळ एका हातानं काढला. समोरचा एका डोळ्यानं, एका हातानं लढतोय. दुसरा कुणी असता तर त्यानं वखवखून हल्ला केला असता. रिगोंडोनं जे आधीच्या अकरा फेऱ्या केलं तेच बाराव्यातही केलं.

गुणपत्रिका ११४-११३, ११५-११२ आणि ११६-१११. हे आकडे वाटतात तितके चुरशीचे नव्हते. दहावी फेरी नॉकडाउनमुळे १०-८ अशी डोनेअरकडे गेली, म्हणून ११४-११३ याचा अर्थ त्या जजनं सात फेऱ्या रिगोंडोला दिल्या. ११५-११२ म्हणजे आठ, ११६-१११ म्हणजे नऊ. मला नऊवाला जज पटतो.

आवाज बंद केल्यावर फरक काय पडला? आवाज होता तेव्हा प्रेक्षकांची हुर्यो मला सांगत होती की इथं काही घडत नाहीये. तो गेल्यावर डोळ्यांना काम करावं लागलं आणि मग दिसलं की प्रत्येक दोन-तीन सेकंदांना काहीतरी घडतंय. पण हा धडा प्रेक्षकावर लादता येत नाही. माणूस संध्याकाळी पैसे देऊन बसलाय, त्याला गृहपाठ कोण देणार?

घरचाच आहेर

लढत संपली आणि तिथंच, पत्रकारांसमोर, बॉब ॲरमनं कुरकुर सुरू केली. लक्षात घ्या, ॲरम दोघांचाही प्रमोटर, म्हणजे त्यांच्या लढती भरवणारा आणि विकणारा होता. आपल्याच घरातला एक बॉक्सर आपल्याच घरातल्या ताऱ्याला हरवून बसला, आणि नवा विजेता विकायचा कसा, ही त्याची चिंता होती. रिगोंडो गुणी आहे पण बघायला मजा येत नाही, असा त्याचा सूर. पुढे तर रिगोंडोचं नाव काढलं की लढती दाखवणाऱ्या एचबीओ या टीव्ही वाहिनीवाल्यांना मळमळतं, अशा अर्थाचं तो उघडपणे बोलून गेला.

ॲरम मुरलेला व्यापारी आहे आणि धंद्याच्या दृष्टीनं त्याचं गणित चुकीचं नव्हतं. पण दुकानदारानंच गिऱ्हाइकासमोर मालाला नाक मुरडलं तर गिऱ्हाईक काय करणार? रिगोंडो कंटाळवाणा आहे हे ज्यांनी त्याची एकही लढत पाहिली नव्हती त्यांनाही त्या आठवड्यात कळलं. त्यानंतर त्याच्या प्रत्येक लढतीकडे लोक तेवढ्याच एका प्रश्नासह यायचे, आज तरी काही करणार का हा?

माझ्या मते मात्र ॲरमच्या बोलण्यानं जेवढं नुकसान झालं त्याहून जास्त रिगोंडोनं स्वतः ७ डिसेंबर २०१३ ला करून घेतलं.

अग्बेको: जिथं चूक टाळता आली असती

डोनेअरविरुद्धची सावधगिरी मी समजू शकतो. समोर एका ठोशात झोपवणारा माणूस होता. अटलांटिक सिटीत समोर होता घानाचा जोसेफ अग्बेको, माजी बँटमवेट विजेता, पण त्या रात्री ग्लोव्ह वर घेऊन नुसता बंद दारासारखा उभा. त्याला मारायचं नव्हतं, मार वाचवायचा होता. पहिल्या तीन फेऱ्यांत सगळ्यांना कळलं की या माणसाकडून रिगोंडोला काडीचा धोका नाही.

एचबीओवर लढत सुरू होती. ज्या वाहिनीला आपण नकोसे आहोत तिच्याच पडद्यावर, निरुपद्रवी प्रतिस्पर्ध्यासमोर, छत्तीस मिनिटं मिळालेली. रिगोंडोनं त्या छत्तीस मिनिटांत काय केलं? बारापैकी बारा फेऱ्या जिंकल्या. तीनही जजचे गुण १२०-१०८. एकही फेरी वादाची नाही आणि एकही फेरी आठवणीत राहण्याजोगी नाही. बंद दार उघडायचं तर जवळ जावं लागतं, पोटात मारावं लागतं, आणि जवळ गेलं की आपल्यालाही एखादा लागतो. तो एखादा ठोसा खायची त्याची तयारी नव्हती. यंत्रानं त्याला शिकवलं होतं की आघाडी असताना जवळ जाणं हा मूर्खपणा.

रिगोंडोचे कट्टर चाहते इथं माझ्यावर चिडतात. चित्रकारानं चित्र चांगलं काढावं, गर्दीसाठी उड्या मारू नयेत, असं त्यांचं म्हणणं. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. बॉक्सिंग चित्रकला नाही. व्यावसायिक बॉक्सरचं मानधन त्या गर्दीतूनच येतं, आणि गर्दी जे विकत घेते ते कौशल्य नसतं, धोका असतो. धोक्याच्या तोंडावर दाखवलेलं कौशल्य असेल तर ती वेडी होते. धोका पूर्ण पुसून टाकलेलं कौशल्य तिला आकड्यांच्या कोष्टकासारखं वाटतं.

परकेपणाचं कारण पुरत नाही

रिगोंडोला न्याय मिळाला नाही कारण तो परदेशी, कृष्णवर्णीय, इंग्रजी न बोलणारा आणि छोट्या वजनाचा होता, असं म्हणणारे बरेच आहेत. यात तथ्य नाही असं नाही. पण त्याच दशकात युक्रेनचा वासिल लोमाचेन्को आला. त्याचीही दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं, २००८ आणि २०१२ ची. तोही अमेरिकेबाहेरचा, वजनानं हलका, तोही तंत्राचा बादशाह. त्याला अमेरिकेनं डोक्यावर घेतलं. फरक पायांत होता. लोमाचेन्को समोरच्याच्या हाताच्या टप्प्यात शिरून मग बाजूला सरकायचा, आणि सरकला की पुन्हा मारायचा. म्हणजे धोका पत्करताना तो दिसायचा. रिगोंडो टप्प्याबाहेर राहून धोका जन्मालाच येऊ द्यायचा नाही.

अमेरिकेच्या फ्लॉइड मेवेदरचं काय, हा प्रश्न येतोच. बचावात तोही पक्का, आणि २०१५ मध्ये फिलिपिन्सच्या मॅनी पॅक्यावविरुद्धच्या त्याच्या लढतीनं विक्रीचे सगळे विक्रम मोडले. पण मेवेदरनं लोकांना द्वेष करायला काहीतरी दिलं. पैशाची मिजास, तोंडाळपणा, आणि कुणीतरी याला एकदा आडवा करावा ही आशा. त्या आशेवर लोकांनी वर्षानुवर्षं पैसे मोजले. नावडता असणं बॉक्सिंगमध्ये परवडतं. रिगोंडोवर कुणी रागावतही नव्हतं, लोक नुसते जांभया देत होते.

या सगळ्यात मला सगळ्यात बोलकं वाटतं ते व्लादिमिर क्लिचकोचं उदाहरण. जर्मनीत स्टेडियमं भरवणारा हा हेवीवेट विजेता अमेरिकेत मात्र थंडाच ठरला. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला सुलतान इब्रागिमोवविरुद्ध तो जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारत आणि मिठी मारत जिंकला आणि लोकांनी हुर्यो उडवली. त्यानंतर बरीच वर्षं तो जिंकत राहिला, आवडला नाही. आवडला कधी? एप्रिल २०१७ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये, ९०,००० लोकांसमोर, एकेचाळीस वर्षांचा असताना. ब्रिटनच्या अँथनी जोशुआनं त्याला पाडलं, त्यानं जोशुआला पाडलं, आणि अकराव्या फेरीत तो हरला. त्या एका पराभवानं त्याला जे मिळालं ते आधीच्या दहा वर्षांच्या विजयांनी मिळालं नव्हतं.

ओसाका, आणि मग तो स्टूल

असा क्षण रिगोंडोच्या वाट्यालाही आला होता. ३१ डिसेंबर २०१४, ओसाका. समोर हिसाशी अमागासा, रिगोंडोपेक्षा कितीतरी उंच. सातव्या फेरीत अमागासानं त्याला दोनदा खाली पाडलं. दोनदा! आणि उठलेला रिगोंडो या वेळी नुसता फिरत राहिला नाही. पुढच्या फेऱ्यांत त्यानं अमागासाचा चेहरा इतका फोडला की गाल सुजून डोळा बुजला. दहाव्या फेरीत त्याला पाडलं आणि अकराव्या फेरीनंतर अमागासाच्या कॉर्नरमधल्या साथीदारांनी लढत थांबवली. रिगोंडोमध्ये काळीज आहे की नाही, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला ही लढत दाखवावी. पण नववर्षाच्या आदल्या रात्री जपानमध्ये झालेली लढत अमेरिकेत कोण बघतंय?

जे लोकांना दिसत राहिलं ते वेगळंच होतं. मकाऊला सोद कोकिएतजिमविरुद्ध पहिल्याच फेरीत डोकी आपटली, दोघांनी ग्लोव्हला ग्लोव्ह टेकवला आणि लगोलग रिगोंडोनं डावा हाणून त्याला झोपवलं. नियमानं चूक काढता येत नव्हती, पण बघणाऱ्याच्या तोंडाची चव गेली. २०१७ च्या जूनमध्ये लास वेगासला मोइसेस फ्लोरेसला पहिल्या फेरीच्या शेवटी मारलेला ठोसा घंटेनंतरचा निघाला आणि नंतर निकालच रद्द झाला. बाकीच्या वेळी ठोसा मारत नाही म्हणून ओरड, आणि मारला तर तो असा.

९ डिसेंबर २०१७ ला अखेर लोमाचेन्को. दोन-दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं असलेले दोन बॉक्सर व्यावसायिक रिंगमध्ये पहिल्यांदाच समोरासमोर. रिगोंडो ३७ वर्षांचा आणि दोन वजनगट वर चढून आलेला. हरणं स्वाभाविक होतं. त्याला हरण्याची मोकळीक होती, आणि अशी मोकळीक या धंद्यात क्वचितच मिळते. नवव्या-दहाव्या फेरीत रक्तबंबाळ होऊन, पाय ओढत, उलटा मारत हरला असता तर कदाचित त्याचीही वेम्ब्ली झाली असती.

सहा फेऱ्यांत त्याचे जेमतेम पंधरा ठोसे लागले. सहावी फेरी संपली, तो कॉर्नरला जाऊन स्टुलावर बसला आणि उठला नाही. डावा हात दुखावल्याचं त्यानं सांगितलं. तपासणीत हाड शाबूत निघालं, मुका मार होता. हात खरंच किती दुखत होता हे त्याचं त्यालाच ठाऊक, आणि खुर्चीत बसून दुसऱ्याच्या दुखण्याला नावं ठेवणं सोपं असतं. तरी मला त्या स्टुलावर सिडनीचं यंत्र दिसतं. गुण मिळत नाहीयेत, मिळायची शक्यता नाही, मग मार खायचा कशासाठी? हिशेब बरोबर होता. त्याच्या उरल्यासुरल्या पाठीराख्यांतले बरेच त्या रात्री गळाले.

२०२१

२०२१ च्या मे महिन्यात ३८ वर्षांच्या डोनेअरनं फ्रान्सच्या नोर्दिन उबालीला झोपवून डब्ल्यूबीसी या आणखी एका संघटनेचा बँटमवेट किताब घेतला. दीड वर्षापूर्वी, नोव्हेंबर २०१९ मध्ये जपानमधल्या सायतामाला तो तिथल्याच नाओया इनोऊएसमोर बारा फेऱ्या लढून हरला होता, आणि त्या हरण्यावर अजूनही लोक भरभरून बोलतात.

२०२१ च्याच ऑगस्टमध्ये फिलिपिन्सच्या जॉनरिएल कासिमेरोची लढत मुळात रिगोंडोशी होती, मधल्या काळात त्याच्या जागी डोनेअरचं नाव ठरलं होतं. ते जुळलं नाही आणि लढत पुन्हा रिगोंडोकडे आली, चाळिशी उलटलेला रिगोंडो. १४ ऑगस्टला कॅलिफोर्नियातल्या कार्सनमध्ये कासिमेरो बारा फेऱ्या त्याच्यामागे धावला. रिगोंडो तसाच, मागच्या पायावर, बोटभर डोकं सरकवत. एका जजनं लढत त्यालाच दिली, दोघांनी कासिमेरोला.

ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सनं दोघांचे मिळून लागलेले ठोसे मोजले. बारा फेऱ्यांत ९१. त्यांनी मोजलेल्या बारा फेऱ्यांच्या लढतींमधला तो तोवरचा नीचांक होता. त्यातले ४४ रिगोंडोचे, कासिमेरोचे ४७. कासिमेरो तरुण, दणकट, ठोशाला घाबरणारा नव्हे. चाळिशीतल्या माणसानं त्याला फेरीला चार ठोसेसुद्धा धड लागू दिले नाहीत. मी ती लढत शेवटपर्यंत पाहिली, पण आवाज सुरू ठेवून. लोक पहिल्यापासून ओरडत होते.